कण्हणं थांबल्यावर

दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "सिस्टर, सापाच्या दोन गोष्टी लिहा, अडलेल्या बाळंतिणींच्या दोन लिहा. लोक आवडीनं वाचतात." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. साप आणि बाळंतिणी यांच्यावर आमच्या पेशातल्या लोकांनी इतकं लिहिलंय की आता सापांनाच त्याचा कंटाळा आला असेल. मला लिहायचंय ते वेदनेबद्दल. हाड मोडलं, अंग भाजलं, हातपाय चेंगरले की माणसाच्या तोंडून जो आवाज निघतो, तो थांबवायचं काम मी मुळशीत बरीच वर्षं केलं. आणि तो आवाज थांबवला म्हणून लोकांच्या शिव्याही पोटभर खाल्ल्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी बदली कोळवण खोऱ्याच्या वाटेवरच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात झाली. मी मूळची पिरंगुटकडची, त्यामुळे घरच्याच अंगणात आल्यासारखं वाटलं. कौलारू इमारत, पुढं व्हरांडा, आत थोड्या खाटा आणि एक जीप. जीप ज्या दिवशी एका हाकेत चालू व्हायची, त्या दिवशी आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवायचो. तपासणीच्या खोलीत भिंतीला एक लोखंडी कपाट होतं, दोन कुलपांचं. एक किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी माझ्या कमरेला. आत पेथिडीन आणि मॉर्फिनच्या मोजक्या काचेच्या कुप्या. मॉर्फिन अफूतून निघतं, पेथिडीन त्याच कुळातलं, म्हणून एवढा कडेकोट बंदोबस्त. बाकीची औषधं उघड्या फळीवर असायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वेदना म्हणजे नुसता त्रास. सोसला तर सोसला. पण मांडीचं हाड मोडलेला माणूस वेदनेनं तडफडतो तेव्हा त्याचं हाड आतल्या आत आणखी मांस फाडतं. नाडी धावायला लागते, घाम सुटतो, अंग गार पडतं. रक्त गेल्यानं आधीच खचलेला माणूस वेदनेनं आणखी खचतो, आणि त्याला पुण्यापर्यंत न्यायचं तर मधे असा रस्ता की धडधाकट माणसानं देवाचं नाव घ्यावं. म्हणून आधी वेदना उतरवायची, मग पाय ओढून सरळ करून लाकडी पट्टीला बांधायचा, मग जीप. हा आमचा क्रम.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं बसून वंदना म्हणायचे आणि नंतर आम्हा भावंडांना समजावायचे की जगात दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते संपवताही येतं. नोकरी लागल्यावर मी त्यांना म्हटलं, "दादा, ते संपवायचं औषध आमच्या कपाटात असतं, फक्त डॉक्टरांची सही लागते." दादा हसले नाहीत. म्हणाले, "मग कपाट उघडायला उशीर करू नकोस." मला ते फार लागलं, कारण ट्रेनिंगमध्ये आम्ही पेशंटला सगळ्यात जास्त वेळा जे वाक्य म्हणायला शिकलो होतो ते होतं, "सोसा जरा." त्या काळी मोठ्या डॉक्टरांनाही ही औषधं द्यायला भीती वाटायची. पोट दुखत असेल तर सर्जननं बघेपर्यंत वेदना उतरवायची नाही, नाहीतर रोग झाकला जातो, असा दंडकच होता. पेशंट मात्र तोवर खाटेची पट्टी चावत असायचा.

आता मूळ गोष्टीकडे येते.

मी आले त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, खोऱ्यातला एक शेतकरी झाडावरून पडला. आमच्याकडे भाताच्या वाफ्यासाठी राब भाजतात. झाडांच्या फांद्या तोडायच्या, वाफ्यात पसरायच्या, जाळायच्या आणि मग पावसाआधी तिथं बी पेरायचं. फांद्या तोडायला चढलेला हा गडी सरळ खाली आला, मांडी मोडली. माणसं त्याला घोंगडीत घालून घेऊन आली. काय तो आरडाओरडा! डॉक्टरांनी पेथिडीन दिलं. थोड्या वेळानं त्याचा चेहरा सैल पडला, ओरडणं विव्हळण्यावर आलं, विव्हळणं कण्हण्यावर आलं आणि मग तो गप्प झाला. मला इतकं बरं वाटलं की मी डॉक्टरांकडे बघून हसले.

तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात हंबरडा फुटला.

बाहेर त्याच्या घरच्या बाया बसल्या होत्या. त्या आतल्या आवाजाकडे कान लावून होत्या. आवाज आहे तोवर माणूस आहे, हा त्यांचा हिशेब. आवाज बंद झाला, त्यांनी ऊर बडवायला घेतला. मी बाहेर धावले. "अगं बायांनो, जित्ता हाय त्यो! औषधानं झोपलाय!" पण रडणं एकदा सुरात लागलं की मधेच थांबवणं माझ्या बापाला जमलं नसतं. एका चुलतभावानं तर तोवर एसटी गाठून गावाकडे निरोप घेऊन प्रस्थान ठेवलं होतं. मी परत आत आले तर पेशंटनं डोळे किलकिले केले आणि मोठ्या काळजीनं मला विचारलं, "शिष्टरबाई, कोन गेलं वं बाहीर?"

त्याला आम्ही पुण्याला पाठवलं आणि यथावकाश तो चालत घरी आला. पण गावात त्या दिवशी तिरडीचे बांबू तोडून झाले होते, सरणाची लाकडं रचायला काढली होती. ती लाकडं पुढं त्याच्याच पोरीच्या लग्नात चुलवणात गेली. हे तो स्वतःच हसत हसत सांगायचा.

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. कारण गोष्ट खोऱ्यात पसरली ती वेगळीच. केंद्रात कुलपातली एक सुई आहे, ती दिली की माणूस गप होतो. आणि खरं सांगायचं तर लोकांच्या बाजूनंही पुरावा होता. ती सुई आम्ही अगदी वाईट दशेतल्या माणसालाच द्यायचो. त्यातले काही जण पुण्याच्या रस्त्यातच जायचे. लोकांनी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. त्यांचं उत्तर चुकलं होतं, पण डोळे उघडे ठेवूनच त्यांनी ते काढलं होतं.

मग सुरू झाला नकार. "काय बी करा, कुलपातली सुई नगं." भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात हात सापडलेली एक म्हातारी आली. तिच्या लेकानं माझा हात धरून ठेवला. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, शेवटी तर मी भांडले. लेक ऐकेना आणि म्हातारीही लेकाच्या शब्दाबाहेर जाईना. तो हात मी तसाच धुतला आणि तसाच बांधला. ओरडणं लेकाला ऐकू जाऊ नये म्हणून ती तोंडात पदर कोंबून घेत होती. ती जगली, हातही बराचसा वाचला, पण त्या दिवशीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिची वेदना आम्ही उतरवू शकत होतो आणि उतरवली नाही.

आमचे डॉक्टर कुलथे म्हणून होते. तरुण, सडपातळ, बोलणं इतकं सावकाश की पेशंटला वाटावं यांनाच बरं नाही. पण त्यांनी पुण्यात भूलशास्त्राच्या विभागात काही महिने काम केलं होतं, त्यामुळे या औषधांचं त्यांना अंगवळणी पडलेलं ज्ञान होतं. ती म्हातारी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तणतणत होते, की हे लोक अडाणी आहेत आणि अडाणीच राहणार. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, भीती अगदीच खोटी नाही. हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. पेशंटला वाटतं मस्त झोप लागलीय, आणि तो श्वास घ्यायचंच विसरतो. पेशंटजवळ कुणीतरी श्वासावर नजर ठेवून बसायलाच हवं. आपल्याकडे माणसं आहेत कुठं?"

मी म्हटलं, "माणसं व्हरांड्यात ढिगानं बसलीत की."

त्यांनी दारातून व्हरांड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "घड्याळ कुणाकडेच नसतं."

"मग?"

"स्वतःचा श्वास तर असतो. स्वतःचे दोन होईपर्यंत पेशंटचा एक तरी झाला पाहिजे. नाही झाला तर आपल्याला हाक मारायची." एवढं बोलून ते दुसऱ्या पेशंटकडे वळले. आम्हाला दोघांनाही ते पटलं होतं, पण पहिल्यांदा कुणाच्या गळी उतरवायचं हा प्रश्न होता.

ती वेळ साळूबाईनं आणली.

भात निघाल्यावर मेंढपाळ धनगर आमच्या खोऱ्यात उतरतात. रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवतात, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. त्याच सुमारास पुण्याच्या कुणा साहेबानं खोऱ्यात जागा घेऊन कुंपणाची भिंत बांधायला काढली होती. दगडांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली बांधावरून कलंडली आणि मेंढ्या हाकणारा धोंडिबा नावाचा धनगर खाली सापडला. दुपार व्हायच्या आत त्याला बाजेवर घालून आमच्याकडे आणला. उजवी मांडी मधूनच वाकलेली, टम्म फुगलेली. चेहरा राखेच्या रंगाचा. आणि ओरडणं असं की व्हरांड्यातली कुत्री उठून गेली.

बाजेच्या उशाशी त्याची बायको साळूबाई चालत होती. उंचीनं जेमतेम माझ्या खांद्याला, पण आवाज टेकाडापलीकडची मेंढरं बोलावून आणणारा. डॉक्टरांनी सलाईन लावलं, माझ्याकडे बघितलं, मी किल्ली काढली. किल्लीचा आवाज झाला मात्र, साळूबाई कपाटासमोर येऊन उभी राहिली.

"सुई नगं."

"अगं, त्यांचा पाय ओढून सरळ करायचाय. सुईबिगर त्यांना सोसायचं न्हाई."

"सोसत्यात त्ये. वरडू द्या त्येस्नी. वरडत्यात तवर हायेत. तुमी गप क्येलंसा तर मला कळायचं कसं?"

आधी मी चिडले होते. पण ती मला शिव्या देत नव्हती, अंगात आल्यासारखीही करत नव्हती. ती खरंच विचारत होती. आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या लोकांनी इतक्या वेळा नको म्हटलं, पण त्यांना हा साधा प्रश्न पडलाय हे कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. मीही नाही.

डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, याला असाच जीपमध्ये घातला तर हा पोचणार नाही."

मी साळूबाईला बाजूला घेतलं. म्हटलं, "तुजं मेंढरू आजारी पडून आडवं झालं, तर त्ये जित्तं हाय का न्हाई, कशावरनं वळखतीस? वरडण्यावरनं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मला एवढंही कळू नये. "वरडण्यावरनं कुटलं? मुकं जनावर त्ये. कूस बघायची. कूस हालतीया तवर हाय."

"मग मालकांची बी कूसच बघायची. हितं हात ठेव." मी तिचा हात धोंडिबाच्या छातीखाली, बरगड्यांवर ठेवला. "आता तुजा श्वास बघ. तुजे दोन झाले की ह्यांचा एक तरी व्हायला पायजे. न्हाई झाला तर मला सांग. मी हितंच हाय, जीपमधी बी तुज्या शेजारी बसनार हाय."

ती हात न काढता तशीच उभी राहिली. स्वतःचा श्वास घेऊन बघितला, सोडला. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "द्या. पर मी हात काडायची न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "काढूच नका."

अंग गार पडलेल्या माणसाला दंडात सुई दिली तर औषध तिथंच साचून राहतं, म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिन शिरेतून, थोडं थोडं, थांबत थांबत दिलं. धोंडिबाचं ओरडणं उतरत गेलं. शेवटी तो कण्हायचाही थांबला. बाहेरच्या दोन बायांनी सूर लावायला तोंड उघडलं असावं, कारण साळूबाईनं आतूनच दम दिला, "ए, गप ऱ्हावा गं! कूस हालतीया!"

त्या एका आवाजानं व्हरांडा चिडीचूप झाला. आम्ही पाय ओढून सरळ केला, पट्टीला बांधला आणि जीप निघाली.

डॉक्टर केंद्रात एकटेच, त्यांना हलता येत नव्हतं. मागं मी, सलाईनची बाटली आणि साळूबाई. पौडपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा होता. प्रत्येक दणक्याला धोंडिबा झोपेतच "आयाय" करायचा आणि मी ड्रायव्हरच्या नावानं खडे फोडायचे. पौड मागं पडलं, डांबरी रस्ता लागला, गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली. मला हायसं वाटलं. मी वाकून पायाची बोटं गार पडलीत का ते बघत होते.

साळूबाई म्हणाली, "शिष्टरबाई, माजं दोन झालं. ह्येंचा आला न्हाई."

मी मान वर केली.

"आता तीन झालं," ती म्हणाली.

या औषधांची एक गंमत आहे, गंमत म्हणावी तर. वेदनाच पेशंटला जागं ठेवते. खड्ड्यांचे दणके बसत होते तोवर वेदना औषधाशी झुंजत होती. रस्ता गुळगुळीत झाला, पाय हलेनासा झाला, आणि औषध एकदम वरचढ ठरलं. त्याचा उतारा पुण्याच्या मोठ्या इस्पितळात असेल, आमच्याकडे नव्हता. मी धोंडिबाची हनुवटी वर उचलली, छातीच्या हाडावर मूठ चोळली. एक लहानसा श्वास आला आणि परत सगळं शांत. वेळ पडली तर तोंडानं श्वास द्यायचा, अशी मी गुडघ्यावर बसून तयारी केली. पण त्याआधी हाका मारायच्या असतात. असा पेशंट स्वतःहून श्वास घ्यायचं विसरतो, पण सांगितलं तर घेतो. आणि ओळखीचा आवाज हवा.

"साळूबाई, हाक मार त्यांना. मोठ्यानं. श्वास घ्या म्हन."

"अवं! श्वास घ्या!" ती ओरडली. धोंडिबा ढिम्म.

"'अवं'नं न्हाई व्हायचं. नावानं हाक मार!"

तिनं माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. नवरा मरणाच्या दारात आणि ही बाई लाजली. "नाव? मी कसं घिऊ त्येंचं नाव? त्ये मालक हायेत माजं."

"मालक ऱ्हायला पायजेत ना? मग घे!"

तिनं हात बरगडीवरून काढला नाही. दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला, आणि टेकाडापलीकडच्या मेंढरांना घालावी तशी हाक घातली.

"धोंडिबाऽऽ! ए धोंडिबा! श्वास वड!"

ड्रायव्हरनं दचकून ब्रेक मारला. आणि धोंडिबाची छाती वर आली. चांगली भरून वर आली.

"अजून! वड म्हंते न्हवं! धोंडिबा, वड!"

पिरंगुट गेलं, भूगाव गेलं, चढ लागला, उतार लागला, शहर आलं. साळूबाई थांबली नाही. ती सांगायची, तो घ्यायचा. ती क्षणभर थांबली की तो विसरायचा. कोथरूडच्या नाक्यावर जीप अडली तर सायकलवाले पाय टेकून आत डोकावायला लागले, की ही बाई नवऱ्याला अरेतुरे करून कशाबद्दल एवढी झापतेय. लग्नापासून तोंडात दाबून ठेवलेलं नाव तिनं त्या रस्त्यावर इतक्या वेळा घेतलं, की ड्रायव्हरही तिच्याबरोबर पुटपुटायला लागला होता. मी हनुवटी धरून होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

इस्पितळात डॉक्टरांनी त्याला ताब्यात घेतलं, मी सगळी हकीकत सांगितली, त्यांनी उतारा दिला. धोंडिबानं डोळे उघडले. वेदना परत आली आणि तो पुन्हा ओरडायला लागला. साळूबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या घशातून आवाज निघत नव्हता. तो आवाज पुढं कितीतरी दिवस बसलेलाच होता म्हणे.

धोंडिबाचा पाय जुळला. थोडा आखूड राहिला, पण जुळला.

त्यानंतर आमच्याकडे रीतच पडली. कुलपातलं औषध द्यायचं असलं की व्हरांड्यातून घरचं एक माणूस आत बोलवायचं, त्याचा हात पेशंटच्या बरगडीवर ठेवायचा आणि दोनाला एकचा हिशेब शिकवायचा. बायका हे काम पुरुषांपेक्षा चांगलं करतात, पुरुष मधेच तंबाखू मळायला उठतात. डॉक्टर कुलथ्यांनी डोसही आणखी सांभाळून द्यायला घेतला आणि पट्टी बांधून झाल्यावर पेशंटला थोडा वेळ नजरेखाली ठेवल्याशिवाय जीप हलवायची नाही असा नियम केला. मला हे सगळं आणखी थोडं आधी सुचायला हवं होतं, गिरणीवाल्या म्हातारीच्या आधी. पण पुढंपुढं लोक स्वतःच विचारायला लागले, "शिष्टरबाई, कूस धराय कोन बसू?" आणि मेंढ्या खोऱ्यात असल्या की धनगरवाड्यातली माणसं जखमी माणसाबरोबर साळूबाईलाही उचलून आणायची. ती यायची आणि कुणी शिकवायच्या आत नातेवाइकांना शिकवून मोकळी व्हायची.

पुढच्या वर्षी भात निघाल्यावर मेंढ्या परत खोऱ्यात आल्या. धोंडिबा काठी टेकत पाय दाखवायला आला. साळूबाई बाहेर व्हरांड्यात बसून कुणातरी बाईला तिच्या सुनेवरून सुनावत होती. तिचा आवाज पूर्ववत झाला होता, हे न बघताच कळत होतं. मी धोंडिबाचा गुडघा वाकवून बघत होते. सहज विचारलं, "तुमाला काय आठवतंय का वं त्या दिवशीचं?"

त्यानं आधी दाराकडे बघितलं. बायको ऐकत नाही याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला.

"खरं सांगू शिष्टरबाई? दुखायचं पार थांबलं हुतं. झोप अशी गोड, की वाटलं आता उटायचंच न्हाई. श्वास घ्यायचा बी कटाळा आल्ता." तो जरा थांबला, काठीच्या मुठीवर हात फिरवत राहिला. "पर तिनं नावानं हाक मारली की वं. जल्मात पयल्यांदा. म्हनलं, आता ओ दिल्याबिगर कसं भागंल?"